अर्ध्या युनिटाची गोष्ट

पूर्णगडला मुचकुंदी नदी समुद्राला मिळते. त्या तोंडावर जो वारा लागतो, तो रत्नागिरी शहरात बसून कळत नाही. किनाऱ्याच्या गावांना येणारी विजेची तारही याच वाऱ्यातून येते. सड्यावरून, आंब्याच्या बागांतून, माडांच्या आगरांतून. मृगाच्या आधी एक झोडपणी बसली की कुठेतरी फांदी तुटते, कुठे खांब कलतो आणि लाईट जाते. ती तासाभरात येईल की चार दिवसांनी, हे त्या वेळी कोणीच सांगू शकत नाही. या भागात राहणाऱ्यांना त्याचे फारसे नवल वाटत नाही. मेणबत्त्या, काडेपेटी आणि चार्ज केलेली बॅटरी हाताशी ठेवणे हे पावसाळी बेगमीचेच काम झाले आहे.

आता अशा गावातले एक घर डोळ्यासमोर आणा. मुलगा मुंबईला, घरात सत्तरी ओलांडलेले आईवडील. वडिलांना मधुमेह, इन्शुलिन चालू. आईला दमा; पावसाळी हवा लागली की नेब्युलायझर लावावा लागतो. मुलाने हौसेने, थोडे कर्ज काढून, स्लॅबवर तीन किलोवॅटची सौर यंत्रणा बसवून घेतली. विजेचे बिल जवळपास शून्यावर आले, आईवडील खूश. मग जूनच्या पहिल्या वादळात लाईट गेली. दुसऱ्या दिवशी दहा वाजता पाऊस थोडा थांबला, आभाळ उजळले, पॅनेलवर चांगला उजेड पडला. घरातला पंखा मात्र ढिम्म. इन्व्हर्टरवर लाल दिवा. वडिलांनी मुलाला फोन केला, मुलाने विक्रेत्याला, आणि उत्तर आले: ‘लाईन आली की सुरू होईल.’

हे घर काल्पनिक आहे, पण असे घर तुमच्या ओळखीत नक्की सापडेल. यंत्रणेत बिघाड काहीच झालेला नव्हता. ती तशीच बनवलेली असते. अडचण एवढीच, की घेताना हे घरमालकाला कोणी समजावून सांगितलेले नसते.

छपरावरच्या पॅनेलमध्ये तयार होणारी वीज एकदिश असते. घरातली उपकरणे चालतात प्रत्यावर्ती विजेवर, २३० व्होल्ट आणि सेकंदाला ५० आवर्तने. हे रूपांतर इन्व्हर्टर करतो. सरकारी अनुदानातून घरोघरी बसतो तो इन्व्हर्टर ‘ऑन-ग्रिड’ जातीचा. त्याला स्वतःचा ठेका नसतो. महावितरणच्या तारेतून येणाऱ्या विजेचा ठेका ऐकून तो त्याच्याशी आपला सूर जुळवतो. भजनात टाळकरी पखवाजाकडे कान लावून वाजवतात, तसे. पखवाज थांबला की टाळ थांबतात. तारेतली वीज गेली की हा इन्व्हर्टर क्षणार्धात स्वतःला तोडून घेतो, मग बाहेर कडक ऊन का असेना.

आणि त्याने तसे तोडून घेतलेच पाहिजे. डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी काम करतो. ११ हजार व्होल्टची वीज तो घरगुती दाबावर आणतो. पण घराकडून त्यात वीज ढकलली गेली, तर उलट्या बाजूला पुन्हा ११ हजार व्होल्ट तयार होऊ शकतात. वादळानंतर भर पावसात खांबावर चढलेला वायरमन ती तार मेलेली आहे असे समजून हात घालतो. त्या वेळी गावातल्या एखाद्या छपरावरून वीज मागे आली तर त्याचा जीव जाईल. (घरगुती जनरेटर चेंजओव्हर स्विचशिवाय थेट बोर्डात जोडणारे महाभाग हाच धोका दर पावसाळ्यात निर्माण करतात, त्यांना कोणी विचारत नाही.) तेव्हा हा नियम योग्यच आहे आणि त्यात सवलत मागू नये. प्रश्न वेगळा आहे. वायरमनचा जीव सांभाळूनही घरातला पंखा चालू ठेवता येतो, ते तंत्र जुने झाले, तरी किनाऱ्यावरच्या घरांना ते मिळत नाही. का?

त्याचे उत्तर योजनेच्या हिशेबात आहे. पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. देशातल्या एक कोटी घरांवर सौर यंत्रणा बसवायची, त्यासाठी ७५ हजार २१ कोटी रुपयांची तरतूद, असा तिचा आवाका. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार रुपये, तिसऱ्याला १८ हजार. म्हणजे तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला कमाल ७८ हजार रुपये अनुदान. घरात तयार झालेली जादा वीज दिवसा तारेत जाते, रात्री आपण तारेतून घेतो, आणि नेट मीटर दोन्हींची वजाबाकी करतो. एका किलोवॅटपासून रोज सरासरी चार युनिट हा सर्वसाधारण आडाखा. तीन किलोवॅटला रोजचे बारा, महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. साध्या घराला हे पुरून उरते. योजना चांगली आहे, हे स्पष्ट म्हणायला हवे. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातले मान्याचीवाडी हे गाव २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले, तेव्हा त्याचे कौतुक झाले ते रास्तच.

पण या सगळ्या हिशेबात एकच गोष्ट मोजली जाते: वर्षाकाठी युनिट किती. तारेला इथे बँकेसारखे वापरले आहे. दिवसा भरणा, रात्री काढणा. बँक रोज उघडी असेल तर हा व्यवहार उत्तम. कोकणच्या किनाऱ्यावर ही बँक नेमकी गरजेच्या चार दिवसांत बंद असते.

हे चार दिवस अपवादात्मक राहिलेले नाहीत. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान आले, त्यात रत्नागिरीच्या मच्छीमारांनी माणसे गमावली. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले. दापोली आणि मंडणगड तालुक्यांतली कित्येक गावे त्यानंतर आठवडेच्या आठवडे अंधारात होती. वर्ष पुरे व्हायच्या आत, १६ मे २०२१ रोजी, तौक्ते रत्नागिरीला घासून उत्तरेकडे गेले. ते किनाऱ्यावर चढले गुजरातेत, पण जाता जाता इथले खांब आणि आंबा दोन्ही झोपवून गेले. त्या दिवसांत करोनाची दुसरी लाट होती हे विसरून चालणार नाही. घरोघरी माणसे प्राणवायूच्या यंत्रांवर होती, आणि ती यंत्रे विजेवर चालतात.

तर मग वादळाच्या दिवसांत एका घराला आरोग्याच्या दृष्टीने नेमकी किती वीज लागते? हा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. अनेकांना वाटते की सगळे घर चालवायचे म्हणजे मोठी बॅटरी, मोठा खर्च, मग नकोच ते. सगळे घर चालवायचेच कशाला?

सुरुवात फ्रिजपासून करू, कारण सगळ्यांचा जीव तिथेच अडकलेला असतो. न उघडलेल्या इन्शुलिनच्या बाटल्या आणि पेन दोन ते आठ अंश तापमानात ठेवायचे असतात, हे खरे. पण वापरायला घेतलेली बाटली फ्रिजबाहेर, साधारण २५ ते ३० अंशांच्या आत, चार आठवड्यांपर्यंत चालते असे बहुतेक कंपन्याच लिहून देतात. त्याहून पुढची माहिती २०२१ मध्ये आली. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही संस्था आणि जिनिव्हा विद्यापीठ यांनी केनियातल्या निर्वासितांच्या छावणीतल्या तापमानाचा अभ्यास केला आणि प्रयोगशाळेत २५ ते ३७ अंशांमध्ये वरखाली होणाऱ्या तापमानात इन्शुलिन चार आठवडे ठेवून पाहिले. औषधाची ताकद टिकून होती. कोकणात जूनमध्ये घरातले तापमान क्वचितच तिशीच्या फार पुढे जाते. म्हणजे लाईट चार दिवस गेली म्हणून इन्शुलिन फेकून देण्याची किंवा, त्याहून वाईट, डोस चुकवण्याची गरज नसते. आपल्या औषधाबद्दल डॉक्टरांना पावसाळ्यापूर्वीच विचारून ठेवावे, म्हणजे त्या वेळी फोन लागला नाही तरी अडत नाही.

खरी हानी होते ती घाबरून केलेल्या उपायांनी. बर्फाच्या लादीवर थेट ठेवलेले इन्शुलिन गोठते, आणि एकदा गोठलेले इन्शुलिन निकामी होते. ते वितळून पुन्हा वापरता येत नाही. लाईट गेल्यावर फ्रिजचे दार पुन्हा पुन्हा उघडून ‘अजून गार आहे का’ बघणारेही तोच गारवा घालवतात. बंद दारामागे तो साधारण चार तास टिकतो. आणखी एक सल्ला फिरत असतो: औषध माठात ठेवा. देशावरच्या कोरड्या उन्हाळ्यात तो बरोबर आहे. माठ गार होतो तो पाझरलेले पाणी वाफ होऊन उडाल्यामुळे. पूर्णगडच्या जूनमध्ये, जिथे वाळत घातलेले धोतर दोन दिवस ओलेच राहते, तिथे माठाला गार व्हायला हवाच कोरडी मिळत नाही. तिथे औषध माजघरातल्या अंधाऱ्या, हवेशीर कोपऱ्यात डब्यात ठेवणे आणि चुलीपासून लांब ठेवणे एवढेच पुरेसे आहे.

फ्रिजला दिवसाला एक युनिट लागते असे धरले, तर तो या यादीतून सध्या बाजूला ठेवता येतो. उरते काय? नऊ वॅटचे दोन एलईडी दिवे, संध्याकाळचे पाच तास. बिछान्याजवळ एक दिवा असणे ही चैन नव्हे. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि तिचा दंश अनेकदा दुखतही नाही. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले की साप घराकडे येतात. दिव्यांचे झाले नव्वद वॅट-तास. एक पंखा, दमेकरी माणसाच्या खोलीत, रात्रभर दहा तास. जुना पंखा ७५ वॅट खातो. हल्ली मिळणारा बीएलडीसी पंखा तीस. म्हणजे तीनशे. दोन मोबाईल, सगळे मिळून तीस. (मोबाईल चार्ज असून टॉवरचेच डिझेल संपले तर त्याला इलाज नाही, पण निदान आपली बाजू तयार असावी.) नेब्युलायझर शंभर वॅटचा धरला आणि दिवसातून तीन वेळा दहा-दहा मिनिटे चालवला, तर पन्नास. बेरीज ४७० वॅट-तास.

अर्धे युनिटसुद्धा नाही. छपरावर रोज बारा युनिट बनवणारी यंत्रणा आहे आणि तिच्या मालकाला वादळात हे अर्धे युनिट मिळत नाही.

प्राणवायूचे यंत्र मात्र या हिशेबात बसत नाही आणि ते स्पष्ट सांगितले पाहिजे. मिनिटाला पाच लिटर देणारे यंत्र तीन-साडेतीनशे वॅट घेते. ते चोवीस तास चालवायचे तर आठ युनिट लागतात. घरगुती बॅटरी त्याला पुरणार नाही. ढगाळ दिवसात पॅनेलही पुरणार नाहीत. अशा घरात प्राणवायूचा सिलिंडर भरून ठेवणे हाच मार्ग. दीड घनमीटरचा लहान ‘बी’ सिलिंडर मिनिटाला दोन लिटरने साधारण बारा तास जातो. त्या बारा तासांत रुग्णाला लाईट असलेल्या दवाखान्यापर्यंत पोचवायचे, एवढेच त्याचे काम. रस्त्यावर झाड पडलेले असेल तर तेही जमेलच असे नाही, म्हणून अशा रुग्णाला वादळाचा इशारा आल्यावरच हलवणे शहाणपणाचे.

बाकीच्या घरांसाठी अर्धे युनिट सांभाळण्याचे दोन रस्ते आहेत. पहिला हायब्रिड इन्व्हर्टरचा. तारेत वीज आहे तोवर तो ऑन-ग्रिडसारखाच वागतो, नेट मीटरही चालू राहतो. तार मेली की तो आधी स्वतःला तारेपासून तोडतो, आणि मग घरातल्या ठरावीक चार पॉइंटांना बॅटरीतून आणि पॅनेलमधून स्वतःच्या ठेक्यावर वीज देतो. वायरमन सुरक्षित, घरही उजळलेले. दाट ढगांत पॅनेल चांगल्या दिवसाच्या दहा ते पंचवीस टक्के देतात असे धरले, तर तीन किलोवॅटच्या छपरावर अगदी काळवंडलेल्या दिवशीही एक-दीड युनिट मिळते. मग फ्रिजही अधूनमधून चालवता येतो. नवीन यंत्रणा घेणाऱ्याने हाच विचार आधी करावा, कारण बसवलेला इन्व्हर्टर नंतर बदलायचा तर खर्चही दुहेरी आणि महावितरणकडे कागदपत्रांचे हेलपाटेही दुहेरी.

दुसरा रस्ता साधा आहे आणि ज्यांच्याकडे ऑन-ग्रिड आधीच बसले आहे, किंवा सौर काहीच नाही, त्यांच्या कामाचा. कोकणातल्या बऱ्याच घरांत लाईट जाते म्हणून इन्व्हर्टर-बॅटरी पूर्वीपासून असते. बारा व्होल्टची, दीडशे अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १.८ युनिट, शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून खाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून हाताशी ०.९. ती पहिल्या रात्रीच्या पंख्या-दिव्यांत संपते आणि मग भरायला वीज नाही. तिला तीन-साडेतीनशे वॅटचे एक वेगळे पॅनेल आणि योग्य चार्ज कंट्रोलर जोडला, तर तीच बॅटरी वादळात रोज थोडी थोडी भरत राहते. काळ्याकुट्ट दिवशी ०.१४ युनिट, जरा उघडले तर ०.३५. चौथ्या रात्री पंखा कमी फिरवावा लागेल, पण दिवा आणि नेब्युलायझर नक्की चालतील. हे पॅनेल तारेला जोडलेलेच नसते, म्हणून त्याला नेट मीटरची परवानगीही लागत नाही. बॅटरी मात्र झोपण्याच्या बंद खोलीत ठेवू नये. ती भरताना हायड्रोजन बाहेर पडतो. पडवीत, हवेशीर आणि पावसाच्या झडीपासून आडोशाला ठेवावी, आणि डिस्टिल्ड वॉटर घालायची आठवण मे महिन्यातच करावी.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. वर्षातल्या चार दिवसांसाठी घरोघर बॅटऱ्या घेण्यापेक्षा तारच मजबूत का करू नये? वाहिन्या जमिनीखाली घातल्या तर फांदी पडण्याचा प्रश्नच मिटतो. राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पातून किनाऱ्यावर अशी कामे झालीही आहेत. अलिबागचे उदाहरण त्यातले. पण जमिनीखालची वाहिनी दाट वस्तीत परवडते. जांभ्याचा सडा फोडून, वाडी-वाडीने विखुरलेल्या, चार घरे इथे आणि सहा खाडीपलीकडे अशा गावांत ती पोचायला किती वर्षे लागतील याचा अंदाज वाचकांनीच करावा. तोवर दमेकऱ्याने काय करायचे? शिवाय तार आली तरी घरातल्या बॅटरीचे पैसे वाया जात नाहीत. कोकणात लाईट जायला वादळच लागते असे थोडेच आहे!

पैशांचा मुद्दा खरा आहे. केंद्राचे अनुदान किलोवॅटवर मोजले जाते, बॅटरीसाठी त्यात वेगळी रक्कम नाही. विक्रेत्याला स्वस्तात स्वस्त यंत्रणा सांगायची असते, म्हणून तो हायब्रिडचे नावही काढत नाही. आणि ‘सोलर’ म्हटले की ऐकणारा आपोआप समजतो की आता लाईट गेली तरी चिंता नाही. हा गैरसमज कोणी मुद्दाम पसरवत नसेल. पण तो दूर करण्याची तसदीही कोणी घेत नाही. यावरचा पहिला उपाय फुकट आहे. अनुदानासाठी जाणाऱ्या प्रत्येक कोटेशनवर एक ओळ मराठीत सक्तीची करावी: तारेतली वीज गेल्यावर ही यंत्रणा चालेल की नाही. ‘हो’ किंवा ‘नाही’, बस्स.

दुसऱ्या उपायाला पैसे लागतील. समुद्रकाठच्या तालुक्यांत, जिथे वादळाचा धोका सरकारी नकाशावरही मान्य आहे, तिथल्या घरांना एक-दोन युनिटांच्या बॅटरीसाठी पूरक अनुदान द्यावे. सगळ्यांना शक्य नसेल तर ज्या घरात दमा, हृदयविकार, अंथरुणाला खिळलेला रुग्ण किंवा एकटे राहणारे वृद्ध आहेत, त्यांना आधी. अशी घरे कोणती, हे गावच्या आशाताईंना तोंडपाठ असते. त्यासाठी वेगळे सर्वेक्षण नको. कमी वीज वापरणाऱ्या घरांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये केंद्राच्या अनुदानात भर घालणारी योजना आणली, म्हणजे पूरक अनुदानाचे तत्त्व मान्यच आहे. ते युनिटांवरून रात्रीच्या पंख्यापर्यंत वाढवायचे आहे. आणि ज्या घरांना हेही जमणार नाही त्यांच्यासाठी आरोग्य उपकेंद्रावर किंवा शाळेच्या स्लॅबवर बॅटरीसह एक यंत्रणा असावी, जिथे मोबाईल चार्ज होईल, नेब्युलायझर लावता येईल, औषध फ्रिजमध्ये ठेवता येईल.

खाऱ्या वाऱ्याबद्दल दोन शब्द, कारण त्यावाचून वरचे सगळे व्यर्थ. सहा पॅनेल मिळून पंधरा-सोळा चौरस मीटरचा पत्रा होतो. होडीवर तेवढे शीड उभारले तर काय होईल हे मच्छीमाराला सांगायला नको. कौलांवर, जुन्या वाशांना नुसते अडकवलेले पॅनेल वादळात कौलांसकट जाते. स्लॅब असेल तर त्यात, नसेल तर खळ्याच्या कडेला पक्क्या पायावर सांगाडा उभारावा. तो गरम जस्ताच्या मुलाम्याचा किंवा अॅल्युमिनियमचा हवा आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे. पॅनेल खाऱ्या हवेच्या चाचणीत उतरलेले आहे का, हे विक्रेत्याला लेखी विचारावे. माडाची एक झावळी एका पॅनेलवर सावली धरून राहिली तरी सगळ्या ओळीचे उत्पादन घटते, म्हणून जागा निवडताना सकाळ-दुपार-संध्याकाळ तिन्ही वेळा तिथे उभे राहून बघावे. पावसाळ्यात काचा पाऊसच धुतो. दिवाळीनंतर त्यांवर मिठाचा थर बसू लागतो, तो सकाळी उन्हाआधी गोड्या पाण्याने धुवावा. आणि वादळात पॅनेल खाली पडले, फुटले, तर दिवसाउजेडी त्याला हात लावू नये. उजेड पडतो आहे तोवर ते वीज बनवतच असते. ओळीत जोडलेल्या पॅनेलांचा दाब शेकडो व्होल्टचा असतो आणि मेन स्विच बंद केला तरी पॅनेलकडची ती वायर मरत नाही.

मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात पूर्णगडला सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, पायाखाली सावलीही उरत नाही. ज्यांच्या छपरावर सौर आहे त्यांनी त्या दिवसांत दुपारी बारा वाजता एकदा महावितरणकडून येणारा मेन स्विच पाडून पाहावा आणि पाच मिनिटे थांबावे. आतल्या खोलीतला पंखा फिरत राहिला, तर ठीक. थांबला, तर मृगाला अजून तीनचार आठवडे हातात असतात.